दोन माना डोलल्या पाहिजेत

लासूरकर काकांसमोर ‘तपकिरी’ हा शब्द उच्चारू नये. मी एकदा उच्चारला होता. माझी एक चप्पल गल्लीतल्या कुत्र्यानं पळवली होती, आणि ती काकांच्या ओट्याकडं गेली असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी फाटकातूनच ओरडून विचारलं, “काका, माझी तपकिरी चप्पल दिसली का?”

“तपकिरी चप्पल नाही इथं,” काका आतून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चप्पल त्यांच्याच पायरीवर, सगळ्या जगाला दिसेल अशी पडलेली सापडली. मी ती उचलून त्यांच्या नाकासमोर धरली. “मग ही काय आहे?”

“ही कातरंगी. पट्टा सुपारी. तुम्ही तपकिरी विचारली होती.”

“अहो, कात काय नि सुपारी काय, शेवटी तपकिरीच ना?”

काकांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं. “बाई, तपकिरी हा रंग नाही. तपकिरी हा आळस आहे. माणसाला नीट बघायचा कंटाळा आला की तो तपकिरी म्हणतो.”

दिगंबर लासूरकर आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत बरोबर समोर राहतात. मूळचे लासूर स्टेशनचे, पण ते गाव आता आडनावापुरतंच उरलंय. गुलमंडीवरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये त्यांनी चाळीस वर्षं नोकरी केली. बायकांना हे दुकान सांगायला नको, पुरुष वाचकांसाठी सांगते. साडी एकीकडून घेतलेली असते, तिच्यावर जाईल असं ब्लाउजचं कापड, अस्तर, फॉल असं सगळं दुसरीकडं जुळवून घ्यायचं असतं. भिंतभर ताके रचलेले असतात, नुसत्या हिरव्याचेच पन्नास. बाई पिशवीतून साडीचं टोक काढते, आणि काउंटरमागचा माणूस मागे न बघता हात लांबवून नेमका ताका ओढतो. तो माणूस म्हणजे लासूरकर काका.

या नोकरीनं त्यांना सहा वर्षांच्या पोरीपासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांना ‘बाई’ म्हणायची सवय लावली. आणि एक वाक्य दिलं, “दारात नेऊन बघा.”

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात गेला की फितूर होतो. म्हणून मॅचिंगवाला प्रामाणिक असेल तर कापड फाडण्याआधी सांगतो, दारात नेऊन बघा. काका इतके प्रामाणिक, की निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सांगतात. भाजीवाल्याला सांगतात, औषधाच्या दुकानात सांगतात. डॉक्टरांनी त्यांच्याच छातीचा एक्स-रे दिव्यावर लावला तेव्हाही म्हणाले, “डॉक्टरसाहेब, एकदा दारात नेऊन बघता का?”

त्यांच्या पुतणीला बघायला मुलगा आला होता. पोहे झाले, ओळखी निघाल्या, मुलाची नोकरी चांगली, सगळी मंडळी खूश. तेवढ्यात कोपऱ्यातून काका उठले, मुलाच्या वडिलांपुढं हात जोडले आणि म्हणाले, “मुलगा चांगला वाटतोय. फक्त जरा दारात नेऊन बघू का?”

मुलगा बिचारा उठला आणि खरोखर उंबऱ्याबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. काकांनी त्याला समोरून बघितलं, बाजूनं बघितलं, दोन प्रश्न विचारले. त्यानं घाबरून खरी उत्तरं दिली. “पक्का आहे,” काका आत येऊन म्हणाले. “पाण्यात रंग सोडणार नाही.”

लग्न झालं, चांगलं चाललंय. पण त्या घरात अजून कुणीतरी हा विषय काढून कपाळावर हात मारतं. मला मात्र तो दिवस फार आवडतो. पिढ्यान् पिढ्या मुलींना चालून दाखव, बोलून दाखव म्हणून उजेडात उभं केलं, तेव्हा कुणाचं काही हललं नाही. एका मुलाला पाच मिनिटं उभं केलं तर घर हादरलं.

काकांनी स्वतः लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणतात, “ताका संपला होता.”

आता पाखरांकडं येते. कारण लासूरकर काका खरे तिथंच राहतात. गारखेड्यात नुसते झोपायला येतात.

त्यांच्या दुकानासमोरच्या बोळात रफीकभाईंचं शिलाईचं दुकान होतं. पाटीवर लेडीज टेलर लिहिलेलं आणि खाली कात्रीचं चित्र. काकांनी जुळवलेलं कापड रफीकभाई शिवायचे, आणि शहरातल्या निम्म्या लग्नांमधल्या बायका या दोघांनी मिळून सजवलेल्या असायच्या. एका हिवाळ्यात बिडकीनकडच्या कुठल्याशा गिऱ्हाइकानं दोघांना शेतात हुरडा खायला बोलावलं. दोघं एका स्कूटरवर पैठण रस्त्यानं गेले. हुरडा भाजायला वेळ होता. समोरच्या ज्वारीत कणसाकणसावर पाखरं बसली होती. चिमणीएवढी, जाड चोचीची, पोट पिवळंधमक आणि डोकं काळं कुळकुळीत.

“क्या कॉम्बिनेशन है मियाँ,” रफीकभाई म्हणाले. “किसने मॅच किया?”

चाळीस वर्षांत जुळवाजुळवीबद्दल विचारलेला असा हा एकच प्रश्न, ज्याचं उत्तर काकांकडं नव्हतं. त्या दिवसापासून सुट्टीचा वार पाखरांचा झाला.

त्या पाखराला भारीट म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला फार लांबून, डोंगर ओलांडून, थव्यांनी आपल्या ज्वारीवर येतात आणि ऊन तापायला लागलं की परत जातात. त्यांच्यात दोन भाऊबंद आहेत. एकाचं डोकं काळं, दुसऱ्याचं तांबडं. पोट दोघांचं पिवळं. नर ओळखणं म्हणजे काहीच नाही. मलासुद्धा ओळखता येतात.

“नर म्हणजे शोकेस,” काका म्हणतात. “शोकेसमधलं कुणीपण ओळखतं. मादीकडं या.”

मादीकडं गेलं की माणूस संपतो. काळ्या डोक्याच्या भारीटाच्या मादीचं डोकं काळं नसतं. तांबड्या डोक्याच्या भारीटाच्या मादीचं डोकं तांबडं नसतं. दोघी सारख्याच… मी इथं तो शब्द लिहिणार होते. दोघी ज्वारीच्या भुसासारख्या, एवढंच लिहिते. दोघी एका कणसावर शेजारी बसल्या तरी भले भले अभ्यासक हात वर करतात आणि ‘सांगता येत नाही’ म्हणून पुढं जातात.

आमचे दोघं पुढं जाणारे नव्हते. काका रंगावर जायचे. त्यांनी कापडाच्या कातरणांची एक पट्टी केली होती, चिकू, बदामी, मातकट, कात, सुपारी, आणि ती गळ्यात अडकवून डोळ्यासमोर धरून ते पाखराशी ताडून बघायचे. पाठीवर कात उतरला असेल तर काळीवाली. पाठ राखेसारखी कोरडी आणि शेपटीच्या वर कच्च्या लिंबाची झाक असेल तर तांबडीवाली. रफीकभाई मापावर जायचे. “रंग धुलता है, कटिंग नहीं धुलती,” हे त्यांचं म्हणणं. चोच लांब आणि भरदार ती काळीवाली, आखूड ती तांबडीवाली. पंख मिटल्यावर टोकं किती बाहेर येतात, हेही ते बघायचे, जशी बाहीची उंची बघावी.

आणि दोघांची मिळून एक वही होती. तिचा एक नियम होता, तो काकांनी दुकानातून आणला होता. एकटी बाई कधी ब्लाउजपीस घेत नाही. सोबत वहिनी असते, बहीण असते, नाहीतर शेजारीण तरी. दोन माना डोलल्या की मगच मॅचिंगवाला कापड फाडतो, कारण फाडलेलं परत घेता येत नाही. वहीचंही तसंच. दोघांच्या माना डोलल्या तरच नोंद. नोंदीखाली काकांची मराठी सही आणि शेजारी रफीकभाईंची उर्दू, धावदोऱ्यासारखी. एकाला जरी शंका आली तरी दुसरा म्हणायचा, “सोडा.” पाखरू सोडून द्यायचं. अशी कितीतरी पाखरं त्यांनी सोडली आणि वर्षानुवर्षं त्यांचं काही बिघडलं नाही.

मग चार हिवाळ्यांपूर्वी ती मादी आली.

बांधावरच्या बाभळीवर ती एकटी बसली होती. वीस मिनिटं, भर उन्हात, पाठ दाखवत, चोच दाखवत, जणू फोटो काढायलाच बसली होती. काका म्हणाले, तांबडीवाली. रफीकभाई म्हणाले, काळीवाली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांपैकी कुणीही ‘सोडा’ म्हटलं नाही. इतकं नीट बघायला मिळालेलं पाखरू सोडायचं कसं? काकांनी पट्टी लावली. रफीकभाईंनी दुर्बीण दिली, घेतली, परत दिली. मादी उडून गेली तरी दोघं त्या फांदीकडं बघून भांडत होते.

येताना स्कूटरवर भांडण तसंच चालू राहिलं.

“लासूरकर साब, आप रंग के आगे कुछ देखतेच नहीं.”

“तुम्हाला मापं घ्यायची सवय. पाखराला पण टेप लावाल!”

इथंवर ठीक होतं. पण महानुभाव चौकाच्या अलीकडं काकांच्या तोंडून निघून गेलं, “तुमचे ब्लाउज काखेत सुटायचे. बायका मला येऊन सांगायच्या. मी कधी बोललो नाही.”

रफीकभाईंनी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली. “सुटायचे,” ते शुद्ध मराठीत म्हणाले, “कारण तुम्ही दिलेलं अस्तर आटायचं. मी पण कधी बोललो नाही.”

तीस वर्षं दोघांनी एकमेकांसाठी पोटात ठेवलेलं असं रस्त्याच्या कडेला बाहेर पडलं. काका तिथूनच रिक्षानं घरी आले. दुसऱ्या दिवशी चहावाल्याच्या हातून रफीकभाईंकडं दुर्बीण गेली आणि काकांकडं वही आली. म्हणजे तेव्हापासून एकाला दिसत होतं पण लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडं लिहायला होतं पण लांबचं दिसत नव्हतं. काका मुठीची नळी करून डोळ्याला लावायचे. त्यानं काहीही जवळ येत नाही, मी करून बघितलंय.

हे मी थोडं काकांकडून आणि थोडं रफीकभाईंकडून ऐकलं. माझे कुर्ते रफीकभाईच शिवायचे. काखेत कधी सुटले नाहीत, हे इथं नोंदवून ठेवते.

काकांशी माझी खरी गट्टी जमली ती एका पत्रकावरून. आमच्या घरी पत्रकं लिहिली जातात, वाटली जातात आणि उरली की त्यांच्यावर भाजी निवडली जाते. त्यामुळं बिडकीनकडच्या शेतांत रुंद रुंद रस्ते आखले गेले, ज्वारीच्या जागी कुंपणं आली, कारखाने कधी येतील ते येवोत पण दिव्यांचे खांब आधी उभे राहिले, तेव्हा मी अर्थातच पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरात मथळा होता, ‘हजारो दुर्मिळ पक्ष्यांचा अधिवास नष्ट!’ पाखरांची माहिती म्हणून काकांना दाखवायला नेलं. ते कागद घेऊन दारात गेले.

“हजारो खोडा. मोजलेत का तुम्ही?”

“नाही.”

“दुर्मिळ खोडा. दर वर्षी येतात. नष्ट खोडा. पलीकडच्या शेतात गेलेत, मी बघितलेत.”

“काका, मग उरलं काय?”

त्यांनी बघितलं. ‘पक्ष्यांचा अधिवास’ एवढं उरलं होतं आणि एक उद्गारचिन्ह. त्यांनी विचार करून ते उद्गारचिन्हही खोडलं. “कशाला ओरडायचं,” म्हणाले.

मी चिडले. मग घरी येऊन ते पत्रक परत लिहिलं. किती एकर ज्वारी होती, आता किती आहे, जमिनीच्या कागदांवर कुणाच्या सह्या कुणी कशा घेतल्या, एवढंच. एकही विशेषण नाही. त्या पत्रकाला पहिल्यांदाच सरकारी कार्यालयातून उत्तर आलं. उत्तर वाईट होतं, पण आलं. तेव्हापासून मला काकांचा फार अभिमान वाटायला लागला. जे दिसलं नाही ते न बोलणारा माणूस! अशी दहा माणसं मिळाली तर आपण काय नाही करू शकणार, असं मी बोलूनही दाखवायची. एकटं पडावं लागलं तरी खऱ्याची बाजू सोडायची नाही, वगैरे. काका ऐकून घ्यायचे. “व्हय, व्हय,” म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात कळलं, की रफीकभाई दुकान आवरून मुलीकडं परभणीला चाललेत. सुईत दोरा जात नव्हता. मी कुर्ता आणायला गेले तेव्हा मशीन आधीच गेलेलं होतं. मी काकांना सांगितलं. काका कुंड्यांना पाणी घालत होते.

“कधी?”

“रविवारी सकाळी.”

ते एकाच कुंडीत पाणी घालत राहिले. खालून गळायला लागलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “माणूस परगावी जातो तेव्हा भेटायला जायची पद्धत असते.”

“असते,” मी म्हटलं. आणि मग, मला आजही माझ्या जिभेचा राग येतो, मी म्हटलं, “पण तुमचं चुकलं नसेल तर तुम्ही का जायचं? त्यांनी यावं. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

काकांनी मान हलवली. “तेही खरंय.” रविवारी ते गेले नाहीत. रफीकभाईंची रिक्षा आली असती तर ऐकू यावी म्हणून दिवसभर पुढचं दार मात्र उघडं होतं.

यंदा दिवाळीनंतर मला पत्रकासाठी काही जुन्या नोंदी हव्या होत्या. काकांनी वही काढून दिली. मी पानं उलटत गेले. दोन सह्या, दोन सह्या, दोन सह्या. मग शेवटच्या पानांवर अक्षर एकदम फिकट झालं.

“हे पेन्सिलीनं का लिहिलंय?”

“ते एकट्यानं बघितलेलं.”

चार हिवाळे पेन्सिलीत होते. प्रत्येक नोंदीखाली काकांची सही आणि शेजारी तेवढीच जागा कोरी. मुनिया, सुगरण, चंडोल, जी पाखरं शेंबडं पोरही ओळखेल, तीसुद्धा पेन्सिलीत. मी म्हटलं, “काका, मी करते की दुसरी सही.”

“बाई, तुम्हाला चिमणी ओळखू येते का?”

“येते.”

“नर का मादी?”

त्यांनी वही मिटली. “वाईट वाटून घेऊ नका. पुसता येतं म्हणूनच पेन्सिलीनं लिहितो.”

मागच्या महिन्यात एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. गळ्यात कातरणांची पट्टी, डोक्याला मफलर. “तुमच्या स्कूटीवर बिडकीनला सोडता का?”

आम्ही गेलो. रिकामे रुंद रस्ते, मध्ये गवत उगवलेलं, आणि त्या सगळ्याच्या कडेला एक ज्वारीचं शेत उरलेलं. मधोमध पाखरं हाकायचा माळा, त्यावर एक मावशी बसलेल्या, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. काकांना त्यांनी लांबून ओळखलं.

“आलं का सायब! हुरडा खायला का पाखरं बगायला?”

“पाखरं बघायला.”

“मंग न्या की समदी घरला. लई उपकार व्हतील!” त्या हसल्या, मग वाकून आमच्या मागं बघायला लागल्या. “आन् तुमचं जोडीदार कुटं हायेत? ते दुर्बीणवालं?”

“परभणीला.”

“बरं हाय ना त्यांचं?”

“मला नाही माहीत,” काका म्हणाले. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला ‘आहे आमच्याकडं’ म्हणत आलेला माणूस.

आम्ही बांधावर बसलो. पलीकडच्या कुंपणावरून थवा आला आणि आमच्या समोर कणसांवर उतरला. नर चमकत होते. त्यांच्यामध्ये त्या सगळ्या, ओळखू न येणाऱ्या. काकांनी पट्टी वर धरली, खाली घेतली, परत धरली. मग म्हणाले, “रफीकभाईंचा नंबर असेल तुमच्याकडं.”

“आहे.”

“लावा. मी बोलणार नाही. तुम्ही विचारा, चोच लांब म्हणजे कशापेक्षा लांब. तेवढंच.”

मी स्पीकर लावला. “चाचा, मी मुक्ता, गारखेड्याची.”

“अरे मुक्ता बेटा! अब्बा कैसे हैं तेरे?”

“बरे आहेत. चाचा, एक विचारायचं होतं. भारीट मादीची चोच लांब म्हणजे कशापेक्षा लांब?”

“कौन पूछरै?”

“मीच.”

“तेरेकू कबसे चोंच की पडी? बाजू में कौन है?”

“सांगा, कुणी नाही,” काका मोठ्यानं म्हणाले.

“अच्छा,” रफीकभाई म्हणाले. “तो उस ‘कुणी नाही’ कू बोल, चोंच सर के मुकाबले देखते.”

“त्यांना म्हणावं, उन्हात डोक्याची पिसं फुगतात. मुकाबला कसा करायचा?”

“उनकू बोल, हौ, धूप में रंग भी उडता. फिर रंग कायकू देखते?”

“त्यांना म्हणावं—”

“अहो, मी काय टपालाची पेटी आहे का?” मी ओरडले. दोन म्हातारी माणसं, दोघांनाही एकमेकांचं लख्ख ऐकू येतंय, आणि मध्ये मी! मी फोन काकांच्या हातात कोंबला आणि माळ्याकडं चालू लागले. फार लांब गेले नाही. ऐकू येईल एवढीच.

मग काका म्हणाले, “परभणीला भारीट येतात का?”

“आते होंगे. मैं कहाँ देखूं? बेटी का घर तीसरे माले पे. दुर्बीण है. सामने पानी की टाकी है. उसपे कबूतर. सब एकीच माप के.”

“रंग?”

“रंग आप आके बताना.”

काकांनी मफलर सोडला, परत बांधला. “इथं थवा बसलाय,” ते म्हणाले. “मोठा आहे. आपण पहिल्यांदा बघितला होता ना, त्याच्याएवढा.”

“सुनाव.”

काकांनी हात लांब केला आणि फोन ज्वारीकडं धरला. थवा किलबिलत होता, कणसं सोलल्याची बारीक करकर येत होती. त्याच वेळी माळ्यावरच्या मावशींना आपलं काम आठवलं. त्यांनी डबा वाजवला आणि “हाऽऽ हाऽऽ” करून आरोळी ठोकली. सगळा थवा एकदम उठला, आमच्या डोक्यावरून गेला, कुंपण ओलांडून, खांब ओलांडून, दिसेनासा झाला. शेत रिकामं झालं. वाऱ्यानं पानं हलत होती, तेवढाच आवाज.

मी परत बांधाशी आले होते. काका तसेच उभे होते, हात लांब, दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिलेला. मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी ते मिटलं.

“बैठे हैं अभी?” फोनमधून रफीकभाईंनी विचारलं.

“बसलेत,” काका म्हणाले. “अजून बसलेत.”

“कौनसी है? काली के तांबडी?”

“दोन्ही आहेत, रफीकभाई. दोन्ही.”

“हौ,” रफीकभाई म्हणाले. “आरै आवाज. वैसाइच पकडो.”